कॅटनिप हुंगायचे, कॅट ग्रास चावायचे

म्हापशाच्या किंवा पणजीच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात कॅटनिप आणि कॅट ग्रास ही दोन पाकिटे बहुतेक वेळा शेजारीशेजारीच असतात. दोन्हींवर मांजराचे चित्र असते आणि घरात कंटाळलेल्या मांजरासाठी दोन्ही चांगली, असेच सांगितले जाते. मग एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा होते. कुणी कॅट ग्रास, म्हणजे गव्हाचे कोवळे अंकुर, पुढे ठेवून मांजर कधी लोळते याची वाट पाहतो, कुणी कॅटनिपचा चुरा जेवणात कालवतो.

कॅटनिप पुदिन्याच्या कुळातले. आपल्या अंगणातली तुळसही त्याच कुळातली, पण तुळशीपाशी मांजर असे वेडावत नाही. कॅटनिपच्या पानांत नेपेटालॅक्टोन नावाचे द्रव्य असते आणि त्याचा परिणाम वासातून, म्हणजे नाकावाटे होतो. मांजर पाने हुंगते, चावते, गाल घासते, लोळते, मध्येच लाळ गाळते. हा खेळ साधारण १० ते १५ मिनिटे चालतो. नंतर तासभर तरी तेच पाकीट पुन्हा पुढे केले तर मांजर ढुंकूनही बघत नाही. म्हणून रोज, दिवसभर कॅटनिप पसरून ठेवण्यात काहीच हशील नाही. आठवड्यातून एकदोनदा, चिमूटभर, जुन्या मोज्यात बांधून द्यावे.

सुमारे एक तृतीयांश मांजरांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. ती गोष्ट आनुवंशिक आहे, मांजरात काही खोट नसते. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांवरही सहसा होत नाही. आणि काही मांजरे लोळण्याऐवजी चिडतात, म्हणून घरात दोन बोके असतील तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत द्या.

२०२१ साली जपानी संशोधकांनी असाच परिणाम करणाऱ्या सिल्व्हर व्हाइन या वेलीवर प्रयोग केले. तिच्या पानातले द्रव्य अंगाला लागलेल्या मांजरांवर डास कमी बसले. म्हणजे हे लोळणे निव्वळ नशा नसावे. आपल्याकडच्या डासांचे दिवस आठवले की मला ही गोष्ट फार पटते, पण म्हणून कॅटनिप डासांचे औषध समजू नये.

आपल्या पावसाळी दमट हवेत कॅटनिपची मुळे कुजतात. वाळलेले आणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवणे बरे. उघडे राहिले की वास उडतो, आणि वास गेला की उरतो तो नुसता पाला.

कॅट ग्रास म्हणजे गहू, ओट किंवा बार्लीचे कोवळे गवत. त्यात धुंदी आणणारे काही नाही, ते फक्त चावायचे. मांजर गवत खाते ते पोट बिघडल्यावरच, असा आपला समज. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरपाळकांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी आपल्या मांजराला अनेकदा झाडपाला खाताना पाहिले होते. त्याआधी ते आजारी दिसत नव्हते आणि नंतर वारंवार उलटी करणारी मांजरे साधारण चौथा हिस्साच होती. पूर्वजांपासून आलेली ही सवय आहे. फ्लॅटातल्या मांजराला गवत मिळाले नाही की ते मनी प्लांटकडे, डिफेनबेकियाकडे वळते. दोन्हींनी तोंडाची आग होते. लिलीने तर मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून मांजर असलेल्या घरात लिली नकोच.

गवत लावणे घटस्थापनेच्या रुजवणाइतकेच सोपे. घरातले गहू रात्रभर भिजवा, खाली भोके असलेल्या जड मातीच्या कुंडीत पेरा, आणि हे मात्र उजेडात ठेवा. हलकी करवंटी मांजर पाडते. आठवडा-दहा दिवसांत बोटभर वाढले की कुंडी मांजराच्या वाटेत ठेवावी. पिवळे पडू लागले की नवे पेरा. पावसात बुरशीचा पांढरा कापूस दिसला की सगळे फेकून द्या. शेतीच्या दुकानातले रंगीत बियाणे घेऊ नका, त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. रस्त्याकडेचे गवतही नको: त्यावर तणनाशक फवारलेले असू शकते, आणि लांब धारदार पाते घशामागे, नाकाच्या वाटेत अडकते.

पावसात कुंपणापाशी उगवणाऱ्या खोकली नावाच्या रोपाच्या मुळाशीही मांजर कॅटनिपसारखेच लोळते. बघायला मजा येते, पण त्या झाडात सायनाइड सोडणारे द्रव्य असते. उपटून घरात आणू नका.

यातले एकही शिकारीच्या खेळाची जागा घेत नाही. मला विचाराल तर गवताची कुंडी कायम असावी आणि कॅटनिप कधीमधी. रोज संध्याकाळी मात्र दोरीला पीस बांधून दहा मिनिटे पळवावे, शेवटी ते पीस मांजराला पकडू द्यावे आणि लगेच जेवण वाढावे. खेळ संपला की दोरी कपाटात टाका, कारण गिळलेली दोरी आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते.