हाँगकाँग : सात पत्रांत अडकलेली निवडणूक सुधारणा

हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी ७ ऑक्टोबर १९९२ रोजी निवडणूक सुधारणा मांडल्या आणि चीन भडकला, इथूनच ही कथा सहसा सांगतात. गुंता मात्र त्याआधीचा आहे.

ब्रिटिश वसाहत असलेलं हाँगकाँग १९९७मध्ये चीनकडे सोपवायचं, असं ठरवणाऱ्या १९८४च्या ब्रिटन-चीन संयुक्त जाहीरनाम्यात १९९७नंतरचं विधिमंडळ निवडणुकीने बनेल एवढंच होतं. मत कोणाला, थेट जागा किती, याबद्दल चकार शब्द नाही. १९८८मध्ये थेट निवडणूक घ्यावी का, हे सरकारने आदल्या वर्षी लोकांना विचारलं. ‘घ्या’ म्हणणाऱ्या दोन लाखांहून जास्त सह्या जमल्या. पण सह्यांची निवेदनं वेगळी काढली गेली आणि विरोधातली बरीचशी छापील, एकसारखी पत्रं मात्र एकेक करून मोजली गेली. निवडणूक गेली १९९१वर. मधल्या काळात बीजिंगचा मूलभूत कायदा, म्हणजे १९९७नंतरच्या हाँगकाँगची छोटी राज्यघटना, आकार घेत होता, तेव्हा हा निव्वळ योगायोग मानणं अवघड आहे.

१९८९मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातलं आंदोलन चिरडल्यानंतर हाँगकाँग हादरलं. १९९०च्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्रिटिश परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड आणि चीनचे च्यान छिछेन यांच्यात सात गुप्त संदेशांची देवाणघेवाण झाली. ६०पैकी थेट जागा १९९१मध्ये १८ आणि पुढे २०, हे आकडे त्यातून ठरले. बदल्यात १९९५चं सभागृह हस्तांतरानंतरही चालू राहील अशी आशा होती. तिला नाव पडलं ‘थ्रू ट्रेन’. ज्यांच्या मताचा हा सौदा, त्या हाँगकाँगकरांना पत्रं वाचायला मिळाली थेट १९९२च्या ऑक्टोबरअखेर, वाद पेटल्यावर.

पॅटन यांनी २० या आकड्याला हात लावला नाही. कायद्याने मोकळे सोडलेले तपशील त्यांनी भरले. मतदानाचं वय २१वरून १८ केलं. व्यवसायनिहाय मतदारसंघांत काही ठिकाणी कंपन्या किंवा संघटनाच मत देत. नव्या नऊ मतदारसंघांत सुमारे २७ लाख कष्टकऱ्यांना वैयक्तिक मत देण्याची योजना होती. दहा सदस्य निवडणारी समिती जिल्हा मंडळांच्या निवडून आलेल्या सदस्यांची असणार होती.

चीन म्हणाला, पत्रांचा भंग झाला. लंडन म्हणालं, ती चर्चा होती, करार नव्हे. दहा सदस्य निवडणाऱ्या समितीपुरतं चीनचं म्हणणं वजनदार वाटतं, कारण तिच्या चीनने सुचवलेल्या रचनेला हर्ड यांनी तत्त्वतः होकार देऊन तपशील पुढे ठरवू असं लिहिलं होतं. नऊ मतदारसंघांबाबत तसा आधार दिसत नाही.

१९९३मध्ये बोलण्यांच्या १७ फेऱ्या झाल्या, निष्फळ. जून १९९४मध्ये विधिमंडळाने पॅटन यांचं विधेयक मंजूर केलं. ते पातळ करणारी दुरुस्ती एका मताने पडली होती. १९९५ची निवडणूक या नियमांनी झाली, डेमोक्रॅटिक पक्षाला सर्वाधिक जागा मिळाल्या. चीनने डिसेंबर १९९६मध्ये ४०० जणांच्या निवड समितीकडून हंगामी विधिमंडळ निवडून घेतलं. हस्तांतराआधी त्याच्या बैठका शेनझेनमध्ये भरत. १९९८च्या निवडणुकीत व्यवसायनिहाय मतदारयाद्या पुन्हा आखडल्या.