स्थलांतर-शिक्षण : नाट्य आणि संशोधनाच्या आधारे

माणसे आपले ठिकाण का सोडतात, वाटेत त्यांचे काय होते आणि नव्या जागी ती कशी रुजतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः माहिती शोधून व तिचे प्रसंग उभे करून शिकण्याची अध्यापनपद्धती. भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र आणि भाषा या विषयांत ती वापरली जाते. शेवटी प्रयोग होतो किंवा होतही नाही. खरे काम वर्गात, प्रेक्षकांविना चालते.

या पद्धतीत दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. पहिली स्थलांतराच्या अभ्यासाची. फ्रँकफर्टमध्ये जन्मून लंडनमध्ये स्थायिक झालेले भूगोलतज्ज्ञ अर्न्स्ट रॅव्हेनस्टाइन यांनी 1885 मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून काही नियम मांडले : बहुतेक लोक थोड्याच अंतरावर जातात, प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, आणि जवळच्या स्थलांतरात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. एव्हरेट ली यांनी 1966 मध्ये ढकलणारे घटक, ओढणारे घटक आणि मधले अडथळे अशी मांडणी केली. दुसरी परंपरा शैक्षणिक नाट्याची. डोरोथी हीथकोट (1926–2011) यांनी इंग्लंडमध्ये शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरून वर्ग चालवण्याची रीत रुजवली. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल (1931–2009) यांनी फोरम थिएटरचा, म्हणजे प्रेक्षकांनाच प्रसंगात शिरू देणाऱ्या नाट्यप्रकाराचा, पाया घातला तो 1973 मध्ये, पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत काम करताना. तेव्हा ते स्वतः लष्करी राजवटीमुळे मायदेशाबाहेर होते. ब्राझीलला कायमचे परतायला त्यांना 1986 उजाडले.

प्रत्यक्ष वर्गात हे कसे घडते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावरचे तपासणी केंद्र 1892 ते 1954 या काळात चालले आणि सुमारे 1 कोटी 20 लाख लोक तिथून अमेरिकेत गेले. नोंदणीच्या दालनाकडे जाणारा जिना लोक चढत असताना डॉक्टर वरून त्यांच्याकडे पाहत. कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, हे हेरून संशयिताच्या कपड्यावर खडूने खूण केली जाई : हृदयासाठी ‘एच’, पायासाठी ‘एल’, डोळ्यांसाठी ‘ई’. शिक्षक डॉक्टर होतात, विद्यार्थी एकामागून एक समोरून जातात आणि चार-पाच जणांच्या खांद्यावर न बोलता खडूची रेघ उमटते. वर्ग एकदम गप्प होतो. मग प्रश्न सुरू होतात. ही खूण कशाची? आता मला परत पाठवणार का? आई पुढे गेली आणि मी मागे राहिलो तर? इथे नाटक थांबवायचे आणि मुलांना कागदपत्रांकडे पाठवायचे. परत पाठवलेल्यांचे प्रमाण सुमारे दोन टक्के होते, हे त्यांना तिथे सापडते. ‘फक्त दोन टक्के’ असे म्हणणाऱ्या मुलाला दुसरे कोणी गुणाकार करून दाखवते : दोन लाखांहून अधिक माणसे.

संशोधन नाटकाला दुरुस्तही करते. अधिकाऱ्याला परके नाव उच्चारता येत नाही आणि तो ते बदलून टाकतो, हा प्रसंग मुलांना हमखास सुचतो, कारण तो गोष्टींतून सर्वत्र पसरला आहे. प्रत्यक्षात एलिस बेटावरचे अधिकारी जहाजाच्या प्रवासी यादीवरून नावे पडताळत, आणि ती यादी प्रवास सुरू झाला त्या बंदरात तयार झालेली असे. नावे बदलली, पण बहुधा पुढे, माणसांनी स्वतःच बदलली. मग प्रसंग नव्याने लिहावा लागतो : एखादा बाप आपल्या मुलाचे नाव शाळेत सांगताना क्षणभर थांबतो. पहिल्यापेक्षा हा प्रसंग किती तरी खरा आणि अवघड आहे. पुरुष निघतो आणि बाई दारात उभी राहते, हे ठरीव दृश्यही असेच मोडते. 2020 मध्ये जगात सुमारे 28 कोटी 10 लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते आणि त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. हा आकडा समोर आला की मुलींना दारातून हलायला जागा मिळते.

फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा प्रसंग सादर होतो. प्रेक्षकातला कोणीही ‘थांबा’ म्हणून पीडिताची भूमिका घेतो आणि वेगळे वागून पाहतो. स्थलांतराच्या विषयात इथे एक धोका आहे. सीमेवर अडवलेल्या कुटुंबाच्या जागी मुले एकामागून एक येतात, अधिक नीट विनवतात, अधिक हुशारीने बोलतात आणि नकळत असे ठरते की अडवले गेले हा त्या कुटुंबाच्या बोलण्याचा दोष. अशा वेळी अधिकाऱ्याच्या हातातला नियम वाचायला हवा. 1951 च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळाची साधार भीती असलेली, देशाबाहेरची व्यक्ती निर्वासित ठरते. दुष्काळ या व्याख्येत नाही. देशातल्या देशात विस्थापित झालेला माणूसही नाही, आणि 2023 च्या अखेरीस सक्तीने विस्थापित झालेल्या सुमारे 11 कोटी 73 लाख लोकांपैकी निम्म्याहून अधिक स्वतःच्याच देशात होते. ते कुटुंब दुष्काळामुळे निघालेले असेल, तर कितीही चांगले बोलले तरी या व्याख्येने त्याला दार उघडणार नाही, हे कळल्यावर चर्चा माणसांवरून नियमाकडे वळते.

‘दहा मिनिटांत पाच वस्तू उचला’ हा बॅग भरण्याचा खेळ फार लोकप्रिय आहे. एकट्याने तो उथळ ठरतो. लोकांनी खरोखर काय नेले, हे शोधायला लावले तर त्याला वजन येते. 1948 मध्ये घरे सोडावी लागलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांनी किल्ल्या बरोबर नेल्या आणि पुढच्या पिढ्यांनीही त्या जपल्या. लवकरच परत येऊ असे वाटणारा माणूसच किल्ली घेतो, हे एखादे मूल आपणहून बोलून दाखवते.

वरच्या वर्गांत मौखिक इतिहासाची जोड दिली जाते. स्थलांतर केलेल्या प्रौढांची मुलाखत घेऊन तिच्यातल्या नेमक्या शब्दांवर संहिता उभी करतात. ‘तुम्हाला कसे वाटले?’ यापेक्षा ‘निघाल्या दिवशी सकाळी काय केले?’ या प्रश्नाला भरीव उत्तर मिळते. बोलण्यातल्या अडखळी आणि गप्प जागा संहितेत तशाच ठेवतात.

ज्या मुलाने स्वतः घर गमावले आहे, त्याला आपली कहाणी सांगायला किंवा करून दाखवायला कधीही लावू नये. हा नियम शिक्षकाने मोडायचाच नाही. असे मूल संशोधक, नकाशाकार किंवा दिग्दर्शक होऊ शकते, आणि बोलावेसे वाटले तर वेळ त्याने निवडायची. प्रत्येक तासाअखेर भूमिका उतरवायला वेळ ठेवावा लागतो : ओढणी, टोपी, खडूची खूण काढून ठेवायची आणि आपले नाव मोठ्याने म्हणायचे. मुलाखत देणाऱ्यांना रंगीत तालमीला बोलावतात आणि नको असलेली वाक्ये गाळण्याचा हक्क त्यांना असतो. ती गाळलेली वाक्ये प्रयोगात येत नाहीत, शाळेच्या दप्तरातही राहत नाहीत.