विनती ऑरगॅनिक्स

विनती ऑरगॅनिक्स : विशेष रसायने तयार करणारी भारतीय कंपनी. कारखाने कोकणात महाड (जि. रायगड) आणि लोटे परशुराम (ता. खेड, जि. रत्नागिरी) येथील औद्योगिक वसाहतींत, तर व्यवसायाचे मुख्य कार्यालय मुंबईत. आयसोब्यूटाइल बेंझीन (आयबीबी) आणि ॲक्रिलामाइडो टर्शरी ब्यूटाइल सल्फॉनिक आम्ल (एटीबीएस) ही तिची दोन प्रमुख उत्पादने असून, दोन्हींच्या जागतिक उत्पादनात आपला वाटा सर्वांत मोठा असल्याचे कंपनी सांगते. ही नावे सामान्य ग्राहकाच्या कानावर कधी पडत नाहीत. पहिले रसायन मात्र अंगदुखीच्या गोळीतून घरोघर पोहोचते.

विनोद सराफ यांनी १९८९ मध्ये कंपनी स्थापन केली. कंपनीला त्यांच्या कन्येचे नाव आहे. विनती सराफ मुत्रेजा या पुढे कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. पहिला कारखाना महाडला उभा राहिला आणि १९९२ मध्ये तेथे आयबीबीचे उत्पादन सुरू झाले. तंत्रज्ञान फ्रान्सच्या पेट्रोलियम संशोधन संस्थेकडून, म्हणजे ‘एन्स्तित्यु फ्रांसे द्यु पेत्रोल’कडून घेतले होते. एकाच रसायनावर सगळी भिस्त ठेवून कारखाना काढणे हे धाडसच होते. आयब्युप्रोफेन हे औषध बनवण्याखेरीज आयबीबीला दुसरा मोठा उपयोग नाही. थोडेफार सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात जाते, तेवढेच.

आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक ब्रिटनच्या बूट्स कंपनीत स्ट्यूअर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. ते १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ‘आयब्युप्रोफेन’ या नावाची सुरुवातीची अक्षरेच आयसोब्यूटाइलवरून घेतलेली आहेत. बूट्सची मूळ पद्धत सहा पायऱ्यांची होती. १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील बिशप येथे तीन पायऱ्यांची नवी पद्धत वापरात आली. जुन्या पद्धतीत वापरलेल्या अणूंपैकी सुमारे ४० टक्केच औषधात उतरत; नवीत हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. पद्धत बदलली तरी सुरुवात दोन्हीकडे आयबीबीपासूनच होते, आणि महाडच्या कारखान्याच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे होते. औषध बनवण्याची रीत कोणतीही असो, कच्चा माल तोच. ४०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतील औषधाच्या वजनापैकी सुमारे २६० मिलिग्रॅम वजन आयबीबीच्या रेणूतून आलेले असते.

आयबीबी तयार होते टोल्यूइन आणि प्रॉपिलीन यांपासून. टोल्यूइनच्या बेंझीन कड्याला एक मिथाइल गट लटकलेला असतो. प्रॉपिलीनचा रेणू त्याच गटाला जोडायचा असतो, कड्याला नव्हे. नेहमीचे आम्लधर्मी उत्प्रेरक वापरले तर प्रॉपिलीन कड्यावर जाऊन बसते आणि भलतेच संयुग हाती येते. म्हणून येथे सोडियम, पोटॅशियम यांसारखे अल्कली धातू उत्प्रेरक म्हणून लागतात. ते पाण्याशी भडकून अभिक्रिया करतात, त्यामुळे टोल्यूइन आणि प्रॉपिलीन आधी अगदी कोरडे करून घ्यावे लागतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात असा कारखाना चालवणे म्हणजे गंमतच म्हणायची. खरा कस मात्र पुढे लागतो. अभिक्रियेत आयबीबीसोबत सरळ साखळीचे ब्यूटाइल बेंझीनही थोडे तयार होते. दोघांचे रेणुसूत्र एकच. उत्कलनबिंदू अनुक्रमे सुमारे १७३ आणि १८३ अंश सेल्सिअस. एवढ्या थोड्या फरकावर त्यांना वेगळे करायला उंच ऊर्ध्वपातन मनोरे आणि भरपूर वाफ लागते. औषध कंपन्यांना अशुद्धी चालत नाही. त्यामुळे या धंद्यात नफा किती हे मनोऱ्यातून किती शुद्ध माल उतरतो यावर बऱ्याच अंशी ठरते.

काटेकोर बोलायचे तर आयबीबीला ‘विशेष रसायन’ म्हणावे की नाही, यावर वाद घालता येईल. विशेष रसायन ते, जे घटकांवरून नव्हे तर कामगिरीवरून विकले जाते. आयबीबी तर ठरावीक शुद्धतेचे मध्यवर्ती संयुग, म्हणजे दुसरे रसायन बनवताना लागणारा मधला दुवा आहे. एटीबीएस मात्र या व्याख्येत चपखल बसते.

एटीबीएसचे उत्पादन कंपनीने २००२ मध्ये लोटे परशुराम येथे सुरू केले. या वेळी तंत्रज्ञान परदेशी नव्हते, ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने विकसित झाले होते. प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्यात जमलेली अभिक्रिया कारखान्यात उतरवून जगाच्या बाजारात टिकवणे आपल्याकडे फार वेळा घडलेले नाही, म्हणून हे उदाहरण वारंवार दिले जाते. ॲक्रिलोनायट्राइल, आयसोब्युटिलीन वायू आणि तीव्र सल्फ्यूरिक आम्ल यांच्या संयोगातून एटीबीएस बनते. ॲक्रिलोनायट्राइल येथे दुहेरी काम करते : ते अभिक्रियेत भाग घेते आणि द्रावक म्हणूनही वापरले जाते. तयार झालेले एटीबीएस त्यात विरघळत नाही, पांढऱ्या भुकटीच्या रूपात खाली बसते. ती गाळायची, धुवायची, वाळवायची. ऐकायला सोपे, पण ॲक्रिलोनायट्राइल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, आणि भुकटीला ओल लागली तर ती आपसांत जुळून तिचे बहुवारिक (पॉलिमर) होऊ लागते.

या भुकटीपासून बनणाऱ्या बहुवारिकाचा गुण असा की ते खाऱ्या आणि गरम पाण्यात टिकते. पाणी दाट करणारे नेहमीचे बहुवारिक, म्हणजे साधे पॉलिॲक्रिलामाइड, भूगर्भातील खाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या आयनांमुळे निकामी होते. एटीबीएसमधील सल्फॉनेट गटाला हे आयन फारसे बाधत नाहीत, आणि शेजारचे दोन मिथाइल गट अमाइड बंधाला आडोसा देतात. म्हणून जुन्या तेलविहिरींतून उरलेले तेल काढण्यासाठी पाणी दाट करायला आणि विहिरीच्या सिमेंटमधील पाणी गळू न देण्यासाठी त्याला मोठी मागणी असते. जलशुद्धीकरणात क्षार साचू न देणे, ॲक्रिलिक धाग्याला रंग पकडायला लावणे, ईसीजीच्या चिकटपट्टीतील जेल, सौंदर्यप्रसाधने हे त्याचे इतर उपयोग. या रसायनाची बाजारपेठ घडवली ती अमेरिकेच्या लुब्रिझॉल कंपनीने. २०१७ च्या सुमारास तिने या उत्पादनातून अंग काढून घेतले आणि लोट्याच्या मालाला मोकळे रान मिळाले.

एटीबीएसमुळे कंपनीला आयसोब्युटिलीनची गरज पडली. हा वायू दाबाखाली द्रवरूप करून दुरून आणणे महाग आणि जोखमीचे. त्यामुळे लोट्याला कंपनीने तो स्वतःच बनवायला घेतला. पुढची बहुतेक उत्पादने याच एका वायूच्या पोटी जन्मली : अतिशुद्ध एमटीबीई (मिथाइल टर्शरी ब्यूटाइल ईथर), टर्शरी ब्यूटाइल ॲक्रिलामाइड, आणि २०१९-२० पासून फिनॉलवर आयसोब्युटिलीन चढवून केलेले ब्यूटाइल फिनॉल. ब्यूटाइल फिनॉलपासून पुढे प्लॅस्टिक जुने होऊन तडकू नये म्हणून घालायची प्रतिऑक्सिडीकारके बनतात. ‘विरल ॲडिटिव्ह्ज’ या भगिनी कंपनीचे हे काम नंतर मूळ कंपनीत विलीन झाले. गंमत अशी की ज्याच्या नावातच आयसोब्यूटाइल आहे त्या आयबीबीचा या वायूशी संबंध नाही. ते येते प्रॉपिलीनपासून. महाड आणि लोटे हे अशा तऱ्हेने रसायनशास्त्राच्या दोन वेगळ्या शाखांवर उभे आहेत.

कंपनीच्या मालाचा मोठा हिस्सा निर्यात होतो. मोजकी उत्पादने आणि मोजके मोठे ग्राहक या रचनेचा फायदा आणि धोका एकाच मुळातून येतात. औषध कंपनीने एकदा पुरवठादार तपासून मान्य केला की ती सहसा दुसरीकडे जात नाही. पण ग्राहकाच्या एका कारखान्याला कुलूप लागले तर मागणीचा मोठा तुकडा गळून पडतो. आयब्युप्रोफेन करणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला बिशप येथील बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीचा कारखाना २०१८ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे बंद पडला, तेव्हा जगभर या औषधाची टंचाई झाली. एटीबीएसची मागणी दुसऱ्याच दोरीला बांधलेली आहे, ती म्हणजे खनिज तेलाचा भाव. २०२० मध्ये तेल कोसळले तसे तेलक्षेत्रातील काम थंडावले. २०२०-२१ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे ९५० कोटी रुपयांवर आले, आणि तेल सावरल्यावर दोनच वर्षांत, २०२२-२३ मध्ये, ते २,००० कोटींच्या पुढे गेले.

दोन्ही कारखाने मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेल्या वसाहतींत आहेत. कच्चा माल टँकरने येतो आणि तयार माल बहुतांशी न्हावा-शेवा बंदरातून बाहेर पडतो. प्लांट दिवसरात्र पाळ्यांत चालतात, कारण ऊर्ध्वपातनाचा मनोरा बंद करून पुन्हा स्थिर करण्यात वेळ, वाफ आणि माल तिन्ही वाया जातात. या वसाहतींचा प्रश्न एकट्या कारखान्याचा नाही : महाडचे सांडपाणी सावित्री नदीकडे आणि लोट्याचे दाभोळ खाडीकडे जाते, आणि खाडीतील मासळी घटल्याची मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे दोन्हीकडे आहेत, पण एकाच नळीत डझनावारी कारखान्यांचे पाणी आल्यावर दोष कोणाचा हे ठरवणे अवघड होते.