चौकोनाचा पतंग का होतो?

मंगळदास मार्केटातून आणलेले सुती कटपीस, एक पट्टी आणि घरातली कात्री. गोधडीचा पहिला ब्लॉक म्हणून ४ इंचांचा चौकोन करायला घेतला. एक निळा त्रिकोण, एक पिवळा, तिरप्या बाजूने जोडायचे, बस्स. शिवून झालं तेव्हा मधली शिवण लाटेसारखी उठली होती आणि चौकोनाचा पतंग झाला होता. खालच्या गाळ्यातल्या शिंपी मास्तरांनी तो चिमटीत धरून एकदा ताणला. "उरेब आहे हो ताई. मशीनवर ओढलंत ना?"

ओढलं होतं.

कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात गुंतलेले असतात. धाग्याच्या दिशेने ओढाल तर धाग्यालाच लांब व्हावं लागतं, आणि सुती धागा फारसा ताणत नाही. काठाला समांतर जाणारे उभे धागे तर मागावर ताणूनच बसवलेले. ते आणखी हट्टी. कर्णावर, म्हणजे उरेब ओढलं की मात्र कुठलाच धागा लांब होत नाही, त्यांच्यातला कोन तेवढा बदलतो. जुन्या इमारतींतल्या लिफ्टचा लोखंडी जाळीचा दरवाजा आठवा. पट्ट्यांची लांबी तीच, तरी दरवाजा पसरतो आणि मिटतो. विणीतले बारीक चौकोनही तसेच शंकरपाळे होतात. ब्लाऊजच्या गोल गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याच गुणासाठी. आमच्या त्रिकोणाला तोच भोवला.

म्हणून आधी शिवा, मग कापा. दोन चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा, पेन्सिलीने कर्ण आखा, रेषेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप घाला आणि मग रेषेवर कात्री चालवा. उघडलं की दोन दुरंगी चौकोन. उरेब कड मोकळी सुटते तेव्हा तिला टिपेने धरून ठेवलेलं असतं.

चौकोन केवढा कापायचा? मी साडेचार म्हटलं होतं. चूक. दोन सरळ बाजूंची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, पाव-पाव इंच, हे खरं. पण तिरप्या शिवणीची पाव इंच माया चौकोनाच्या बाजूवर मोजली की २च्या वर्गमुळाने गुणली जाते, म्हणजे साधारण ०.३५ इंच. एकूण ०.८५, पट्टीवरची जवळची खूण ७/८. म्हणून ४ इंचांसाठी कापायचा चौकोन ४ ७/८ इंचांचा. मी सरळ ५ कापते आणि शिवल्यावर साडेचारला छाटते; गोधडीत जोडताना चारही बाजूंची पाव-पाव इंच माया गेली की ४ उरतात.

इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. नऊ चौकोनांचा ब्लॉक करणार असाल तर मायेवर डोळा ठेवा: प्रत्येक तुकड्याची माया १/१६ इंच जास्त गेली, तरी दोन शिवणींची ओळ पाव इंच आखडते.

दुसरा ब्लॉक मास्तरांनी टेपने मोजला. चारही बाजू साडेचार. मग उलटा करून माझी टीप बघितली, आणि त्यावर काही बोलले नाहीत.