टेलिव्हिजन (शब्दव्युत्पत्ती)

दूरचित्रवाणीसाठीचा इंग्रजी शब्द. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. ‘टेले’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘दूर’. ‘व्हिजन’ हे लॅटिन ‘विदेरे’ (पाहणे) या क्रियापदावरून झालेल्या ‘विसिओ’चे फ्रेंचमार्गे आलेले रूप. ‘टीव्ही’ या दोन अक्षरांतही ही वाटणी टिकून आहे.

यंत्राआधी शब्द जन्माला आला. ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी भरलेल्या वीज परिषदेत कॉन्स्टँटिन पर्स्की या रशियन गृहस्थांनी फ्रेंचमध्ये निबंध वाचला, त्यात तो आढळतो. जॉन लोगी बेअर्ड यांनी लंडनमध्ये हलती चित्रे प्रक्षेपित करून दाखवली ती २६ जानेवारी १९२६ रोजी, म्हणजे पाव शतकानंतर.

अशा संकरित शब्दांवर भाषाशुद्धीवाद्यांचा राग असे. ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांच्या नावावर एक शेरा सांगितला जातो : अर्धा ग्रीक नि अर्धा लॅटिन शब्द, यातून काही बरे निघायचे नाही. तक्रार तशी लटकीच. ‘ऑटोमोबाइल’ आणि ‘सोशिऑलॉजी’ हेही याच जातीचे. आपण तरी फारसी ‘बे’ला देशी ‘चव’ जोडून आमटीला ‘बेचव’ म्हणतोच. सोवळे शब्दही होते म्हणा : ‘टेलिस्कोप’ (१६११) दोन्ही अंगांनी ग्रीक आहे. खुद्द ग्रीकांनी नंतर ‘व्हिजन’ काढून ‘ओरासी’ (दृष्टी) बसवले आणि ‘तिलेओरासी’ असा अस्सल ग्रीक शब्द केला. जर्मनांनी दोन्ही भाषा बाजूला ठेवून ‘फेर्नझेएन’ (दूर-पाहणे) असे घरचेच शब्द जुळवले.

‘विदेरे’ आणि संस्कृत ‘विद्’ (जाणणे) यांचे मूळ एकच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाहण्यापाशी राहिला, आपल्याकडे जाणण्याकडे वळला. ‘वेद’, ‘विद्या’ त्यातूनच. ग्रीक ‘इदेइन’ (पाहणे) हेही त्याच कुळातले. त्यामुळे ग्रीक-लॅटिनचा हा संकर फार लांबच्या सोयरिकीचा नव्हे.

मराठीत पारिभाषिक शब्द ‘दूरचित्रवाणी’ झाला. त्यात ‘आकाशवाणी’ची लय आहे, पण बोलताना कोणी तो वापरत नाही. ‘दूरदर्शन’ हा खरा शब्दशः प्रतिशब्द, मात्र तो सरकारी वाहिनीचे नाव होऊन बसला. त्यातल्या ‘दर्शन’चा धातू ‘दृश्’. त्याचा ग्रीक भाऊबंद ‘देर्कोमाई’, म्हणजे रोखून पाहणे. आणि इंग्रजीतला ‘ड्रॅगन’ ज्या ‘द्राकोन’वरून आला, त्या डोळे वटारणाऱ्या सापाचे नावही याच धातूवरून पडले असे मानतात.