आधी गिझर विझतो

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून एका अंगाला किल्ला दिसतो, आणि महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उठलेली मिराज लढाऊ विमानं आधी कानांना कळतात, मग डोळ्यांना. 1985 पासून ती ग्वाल्हेरात आहेत, त्यामुळे इथल्या पोरांना त्यांचं फारसं अप्रूप नाही. यंदा दिवाळीला कॅलिफोर्नियाहून आलेला माझा भाचा मात्र प्रत्येक घरघरीला जिना चढून वर पळत होता. त्याने स्वतः डॉगफाइट केली होती.

डॉगफाइट म्हणजे दोन विमानांची हवेतली झुंज; त्याची अर्थातच खेळातली. अमेरिकेत 1980च्या दशकाच्या अखेरीपासून हा छंद पैसे भरून करता येतो, आणि वैमानिकाचा परवाना लागत नाही. दोन छोटी विमानं, प्रत्येकात एक पाहुणा आणि एक मुरलेला वैमानिक, बरेचदा हवाई दलातून निवृत्त झालेला. विमान उडवणं-उतरवणं त्याच्याकडे. वर गेल्यावर स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, पाहुण्याच्या हातात. भाच्याला मार्केट्टी एसएफ-260 मिळालं होतं. इटालियन बनावटीचं, पंख्याचं, 260 अश्वशक्तीचं, शेजारी-शेजारी सीट असलेलं विमान. गोळ्या नसतात. नेम धरून ट्रिगर दाबायचा, आणि तो लागला की समोरच्याच्या शेपटीमागे धूर सुटतो.

"मग, किती वेळा पाडलंस?" मी विचारलं.

"ते सोड गं मावशी. ऐन वळणात मला दिसेनासंच झालं."

मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि या वाक्यापाशी माझे फराळाचे हात थांबले. कारण डॉगफाइटचं सगळं मर्म त्यातच आहे.

विमान सरळ चाललेलं असताना पंखांवरची उचल त्याचं वजन पेलते. वळायचं तर विमान कुशीवर कलतं आणि त्याच उचलीतला काही वाटा वळण घडवण्यात जातो. उंची टिकवायची असेल तर एकूण उचल वाढवावीच लागते. 60 अंश कललात की ती दुप्पट होते, 75च्या थोडं पुढे गेलात की चौपट. यालाच वैमानिक 'चार जी' म्हणतात. पाच किलोचं डोकं आता 20 किलोचं. म्हणजे मानेवर काठोकाठ भरलेली बादली. आणि ती सांभाळत मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं असतं, कारण समोरचा नजरेआड झाला की झुंज तिथेच हरल्यात जमा.

डोकं जड होतं हे कुणालाही पटतं. रक्तही तितकंच जड होतं, हे चटकन लक्षात येत नाही.

आमच्या घराचंच बघा. मोटर तळमजल्यावर, गॅस गिझर वरच्या मजल्यावर. मोटरचा जोर कमी पडला की खाली नळ धो धो चालतो आणि वर पाण्याची करंगळीएवढी धार येते. पण त्याच्याही आधी काय होतं? गिझर विझतो. त्याला पेटायला थोडा जादा दाब लागतो.

आता हृदय म्हणजे मोटर आणि मेंदू म्हणजे वरचा मजला. मधलं अंतर साधारण 30 सेंटिमीटर. एवढ्या उंचीवर रक्त चढवताना बीपीच्या मापातले सुमारे 23 खर्ची पडतात. हृदयापाशी 120 असतील तर डोक्यापर्यंत 97 पोचतात. ठीक चाललेलं असतं. चार जी लागले की तो खर्च 92 होतो आणि वर 28 उरतात. पाच जी ला उरतात जेमतेम पाच.

आणि गिझर म्हणजे डोळा. डोळ्याच्या आतला दाबच 15च्या आसपास असतो. पडद्याला रक्त पोचवायचं तर आधी त्याच्यावर मात करावी लागते. म्हणून मेंदू अजून जागा असतानाच नजर जाते: आधी रंग उडतात, मग कडा काळवंडतात, शेवटी नळीतून बघावं तसं उरतं. भाच्याला हिरवे डोंगर राखाडी दिसले आणि शेजारच्याने ओरडून स्टिक सैल करायला लावली. मला हे शरीराचं मोठं देणं वाटतं. वरचा मजला कोरडा पडायच्या आत ते सूचना देतं.

फक्त घाई केली तर ती सूचना मिळत नाही. रक्तदाब सावरून घ्यायला शरीराला काही सेकंद लागतात, आणि मेंदूजवळ प्राणवायूची शिल्लक पाचेक सेकंदांचीच असते. हिसक्याने जी चढवले तर डोळे अंधारायच्या आत माणूस बेशुद्ध पडू शकतो, तोही सरासरी 12 सेकंद. ताशी 240 किलोमीटरने विमान तेवढ्यात 800 मीटर गेलेलं असतं.

यावरचा उपाय उड्डाणाआधी जमिनीवरच घोटून घेतात. वळण सुरू व्हायच्या आधी पोटऱ्या आवळायच्या, मग मांड्या, मग पोट. श्वास कोंडायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात बदलायचा. रक्त पायांत उतरू द्यायचं नाही, एवढाच हेतू. मिराजच्या वैमानिकांना शिवाय हवेने फुगून पाय-पोट आवळणारा जी-सूट असतो.

बाकी डावपेच म्हणजे उंची आणि वेगाचा हिशेब. वेग देऊन उंची घ्यायची, उंची मोडून वेग. कमी वेग असलेला आत वळतो, हे नवख्याला उलटं वाटतं. ताशी 240 ने चार जी चं वळण घेतलं तर त्रिज्या 117 मीटर भरते. जेट ताशी 720 ने सात जी सोसूनही 590 मीटरच्या आत येत नाही. आपला किल्ला अडीच-तीन किलोमीटर लांब, त्याच्या निम्म्याच्या जवळपास त्याचं एक वर्तुळ पसरतं. मागून फार वेगात येऊन पुढे निसटायची वेळ आली तर नाक वर करून थोडं चढायचं, वेग उंचीत साठवायचा आणि पुन्हा खाली यायचं.

आणि एक नियम कुणीही मोडायचा नाही: प्रत्येक विमानाभोवती 500 फुटांचा, म्हणजे 150 मीटरचा फुगा आहे असं मानायचं आणि त्यात शिरायचं नाही. दोघं ताशी 240 ने समोरासमोर येत असतील तर हे 150 मीटर सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात संपतात. सरावसुद्धा किती कठीण असतो हे ग्वाल्हेरला वेगळं सांगायला नको. 28 जानेवारी 2023 ला इथूनच सरावासाठी उडालेली सुखोई आणि मिराज कोसळली. सुखोईतले दोघे वाचले, मिराजचा वैमानिक गेला. त्या सकाळी या गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते.

भाऊबीजेच्या दुपारी दोन मिराज किल्ल्याच्या मागून आली आणि एक जोरात कुशीवर झाली. मी वर बघत होते. भाच्याकडे नजर गेली तेव्हा तो कठड्याला धरून उभा होता, श्वास कोंडलेला, आणि पायजम्याच्या आत पोटऱ्या आवळलेल्या.