खेकडा विरळ शिंपल्या का सोडून देतो?

खेकडे वाढले की शिंपल्या संपणार, असा हिशोब बहुतेक जण मांडतात. खाडीत तो चुकतो, कारण तळ वाळूचा की चिखलाचा हे कुणी विचारतच नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची चेसापीक खाडी सुमारे 320 किलोमीटर लांब आहे. तिथला निळा खेकडा पायांची टोकं गाळात खुपसत चालतो. या टोकांना चव कळते. खाली काही लागलं की नांग्यांनी उकरायचं. त्याचं आवडतं खाणं म्हणजे माया अरेनारिया ही पातळ कवचाची शिंपली. आपल्या तिसऱ्यांसारखी ती घट्ट मिटत नाही, त्यामुळे तिचा बचाव एकच, खोली. पूर्ण वाढलेली माया 25 ते 30 सेंटिमीटर खाली बसून लांब नळीने वरचं पाणी ओढते. खेकडा सहसा इतकं खणत नाही. पिल्लं मात्र वरच्या काही सेंटिमीटरांत असतात आणि तिथेच मारली जातात.

लिप्शियस आणि हाइन्स या सागरी जीवांच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये याच जोडीवरचे टाकीतले प्रयोग प्रसिद्ध केले. खेकडे तेच, शिंपल्या त्याच, फक्त तळ वेगळा. मऊ चिखलात शिंपल्या विरळ असल्या तरी खेकड्याने त्यांतला मोठा वाटा वेचून खाल्ला. वाळूत मात्र विरळ शिंपल्यांपैकी बहुतेक वाचल्या. दाटी वाढली तसा मरणाऱ्यांचा वाटाही वाढला. घट्ट वाळू उकरायला कष्ट पडतात, आणि काही हाती लागत राहिलं तरच शोध चालू ठेवणं परवडतं. म्हणून एकूण किती खाल्ल्या हे मोजून भागत नाही, शेकडा किती गेल्या ते पाहावं लागतं. समजा वाळूत 4 पैकी 1 गेली आणि 40 पैकी 20 गेल्या, तर त्या 4 जणींचं विरळ असणंच त्यांचं चिलखत ठरलं.

कालवांची गोष्ट वेगळी, त्यांना पुरून घेता येत नाही. त्यांची पिल्लं जुन्या कवचांसारख्या कठीण जागी चिकटतात आणि फटींत लपतात. नुसत्या चिखलात सोडलेली कालवं गाळाखाली गुदमरतात. एक कालव दिवसाला 190 लिटर पाणी गाळतं, हा सगळीकडे फिरणारा आकडा अगदी अनुकूल परिस्थितीतला आहे. तो ऐकून कुठेही कालवं टाकली म्हणजे खाडी स्वच्छ होत नाही. आधी तळ हवा.

जून 1972 मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने चेसापीकमध्ये गोड्या पाण्याचा आणि गाळाचा लोंढा आणला. माया मोठ्या प्रमाणावर मेल्या. त्यांची पूर्वीची संख्या परत आलेली नाही, त्यात रोगाचाही वाटा आहे. पण त्या नाहीशाही झालेल्या नाहीत. वाढू लागल्या की खेकड्यांचा दाब वाढतो, फार विरळ झाल्या की वाळूतल्या उरतात.